आधी दोन ऐकू आले

जुलैतली संध्याकाळ होती. दिवसभर धो धो कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. जिन्यात ओल्या छत्र्या उघडून ठेवलेल्या आणि प्रत्येक मजल्यावर वेगवेगळ्या फोडणीचा वास. मी विरजण मागायला खालच्या घरी गेले. दार उघडंच होतं. अर्णव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फरशीवर पोटावर पडून वहीत लिहीत होता आणि त्याची आई कणीक मळता मळता त्याला अंक घालत होती. दुसरीतलं पोर, वय सात. "पंचेचाळीस." लिहिलं. "सत्तर." लिहिलं. "बासष्ट." त्याने पेन्सिल क्षणभर ओठाला लावली, आणि २६ लिहिले. आईने वाकून पाहिलं आणि कणकेच्या हातानेच वही ओढली. "बासष्ट सांगितलं ना? लक्ष कुठे असतं रे तुझं?" तो उठून बसला. माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि हळू पण ठामपणे म्हणाला, "आधी दोन ऐकू आले. म्हणून आधी दोन लिहिले." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बारीक केला, मला विरजण दिलं आणि वहीचं आदल्या दिवशीचं पान दाखवलं. लाल शाईत शेरा होता: लक्ष देत नाही. घरी सराव घ्यावा.

विरजण घेऊन वर आले, दूध विरजलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण ते अगदी बरोबर होतं. 'बासष्ट' म्हणताना 'बा' आधी येतो, म्हणजे दोन, आणि मग साठ. कानावर पडेल त्या क्रमाने उतरवायचं ही तर शाळेचीच शिकवण. शुद्धलेखन घालताना बाई म्हणतात, "नीट ऐका आणि ऐकाल तसं लिहा." मुलाने तेच केलं. लक्ष दिलं म्हणूनच चुकलं. त्यात पंचेचाळीसही त्याला बरोबर आले होते, म्हणजे चार आणि पाच जागच्या जागी बसवण्याची उलाढाल त्याने मनातल्या मनात केली असणार, आणि लगेच पुढे बासष्टला दम संपला असणार. आपण मोठी माणसं ही उलटापालट इतक्या वर्षांपासून करतो आहोत की ती करतो हेच विसरून गेलो आहोत. शिवाय दर दहा अंकांमागे एक 'एकोण' दबा धरून बसलेला. एकोणसत्तर म्हटलं की कानाला सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे मात्र सहा आणि नऊ. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, असं करत एकोणनव्वदपर्यंत येऊन मुलाला जरा कुठे नियम सापडतो, तोच शेवटी नव्व्याण्णव उभे राहतात. तिथे एकोण नाही. का नाही, हे मुलाने विचारलं तर सांगणार कोण?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसच्या बरोबर 'वीस एक', बत्तीसच्या बरोबर 'तीस दोन' असं वाचन दिलं होतं. तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेत त्यावर विनोद झाले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाली म्हणून लेख आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, पण जोडाक्षरं आणि उलटा क्रम यात अडखळून लहान मुलं गणितालाच घाबरतात, त्यांना आधाराला एक सोपी वाट असावी. मला स्वतःला बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट ही नावं जिवापाड प्रिय आहेत. ती जावीत असं मला कधीच वाटणार नाही. त्या वेळी मीही मनातून थोडी नाराज होते, हे खरं. पण त्या सगळ्या गोंगाटात सात वर्षांच्या मुलाला काय ऐकू येतं हे फार थोड्यांनी विचारात घेतलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांचीच टिंगल झाली, याचं वाईट त्या संध्याकाळी नव्याने वाटलं.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असायचा. हातपाय धुऊन, देवापुढे निरांजन लागलं की ओसरीवर रांगेत बसायचं. शुभं करोति झालं की पाढे. बे एके बे, बे दुणे चार. पुढे पुढे निमकी, पावकी, दिडकी. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून बसायचे आणि कुणाचा सूर जरा जरी घसरला तरी पायाने झोपाळा थांबवायचे. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर थांबली की कुठेतरी चूक झाली असं आम्ही समजायचो. आम्हाला त्या सगळ्याचा अर्थ किती कळत होता देव जाणे, पण जिभेला वळण लागलं आणि कानाला ठेका. त्या आठवणीचं मला अजूनही सुख वाटतं. पण नुसत्या पाठांतराने मला बेरीज आली असं म्हणता येणार नाही. ती आणली आजीने. चिंच फोडायला बसली की चिंचोके आमच्या ताब्यात. दहा चिंचोक्यांची एक ढिगली, उरलेले सुट्टे. "किती ढिगल्या? सहा. सुट्टे किती? दोन. झाले बासष्ट." आजी शाळेत फारशी गेली नव्हती. दशक आणि एकक हे शब्द तिच्या तोंडी कधी आले नाहीत. पण हाताखाली सहा ढिगल्या दिसत होत्या, त्या आधी मोजल्या जात होत्या, आणि मग दोन. बोटांना चिंचेचा चिकटपणा, त्यावर चिकटलेली माती, आणि मोजून झाल्यावर ते चिंचोके भाजून मिळायचे हे आमिष. आमचं गणित आधी हाताला कळलं, मग वहीत गेलं.

सगळंच काही सोन्याचं नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, डावखुरी. बाई तिचा डावा हात रुमालाने बाकाच्या कडेला बांधून ठेवायच्या. त्या दुष्ट नव्हत्या. उजव्या हाताने लिहायला लावलं नाही तर पुढे पोरीचं कसं होईल, अशीच त्यांची समजूत होती, आणि पोरीच्या घरचेही "बाई, सवय मोडा हिची" असंच सांगून गेले होते. घर आणि शाळा यांचं पूर्ण एकमत होतं. ती मुलगी आधी तोतरं बोलायला लागली आणि मग बोलेनाशीच झाली. पाटीवर तिने डाव्या हाताने काढलेलं कमळ मी पाहिलेलं आहे. एक एक पाकळी निराळी. ते कमळ बाईंनी पाहिलं असतं तर काय झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटून गेलं आहे. तेव्हा आम्हा मुलींना सगळ्यांना माहीत होतं की ती डाव्या हाताने सुंदर लिहिते. आम्हाला कुणी विचारलं नाही.

हाताचाच विषय निघाला म्हणून. मुलाच्या मनगटात आठ लहान लहान हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, कूर्चा असते, आणि ती एकेक करून हाड होत जाते. हे काम दहा-बारा वर्षांपर्यंत चालतं. मनगटाचा एक्स-रे काढून डॉक्टर मुलाच्या हाडांचं वय सांगू शकतात ते त्यामुळेच. आता अशा मनगटाचं साडेतीन वर्षांचं मूल आपण ज्युनिअर केजीत बसवतो आणि चौकटीत, रेघेला धरून, पानभर अक्षरं गिरवायला लावतो. ते पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांदा वर उचलतो, जीभ बाहेर येते, कागद फाटतो. मग शेरा येतो, अक्षर सुधारा. अक्षर सुधारायला आधी बोटं तयार व्हावी लागतात, आणि बोटं वहीत तयार होत नाहीत. आमच्या पिढीने सागरगोटे झेलले, बिट्ट्या खेळलो, मातीचे किल्ले केले, अंगणात ठिपके मोजून रांगोळ्या काढल्या. ते कुणी शिक्षण म्हणून करून घेतलं नव्हतं, पण हात घडत होता.

माझ्या भाचीची मुलगी चार वर्षांची. डिसेंबरात तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा तिला मटार सोलायला बसवलं. पहिल्या शेंगेशी तिने बराच वेळ झटापट केली. चिमटीत धरून दाबली, निसटली, दातांनी चावून पाहिली. मग शेंगेच्या पाठीवरची शीर अंगठ्याच्या नखाने दाबली की ती आपसूक उघडते, हे तिचं तिला कळलं. त्या क्षणी तिने माझ्याकडे पाहिलं ते डोळे मी विसरणार नाही. मग एकेक दाणा तर्जनीने ढकलत वाटीत. "या शेंगेत सात! यात चारच, आणि एक बाळ." मधेच एक अळी निघाली, तिचं नाव ठेवून झालं, ती कुंडीत सोडून झाली. अर्धा किलो मटाराला दुपार गेली. त्या दुपारी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचा जो मेळ बसला तोच उद्या पेन्सिल धरणार आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, शाळेतून मटार सोलल्याचा फोटो मागत नाहीत गं, वर्कशीट मागतात." तिचंही खोटं नव्हतं.

आणखी एक गंमत बघा. आपला ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. छत्तीसचा आकडा आपण त्यावरूनच म्हणतो. लहान मुलाच्या जगात कप डावीकडे कान करून ठेवला काय किंवा उजवीकडे, तो कपच असतो. चप्पल, मांजर, खुर्ची, कुठेही तोंड केलं तरी तीच. जन्मापासून मूल हे शिकलेलं असतं आणि ते शिकणं फार महत्त्वाचं असतं. मग एके दिवशी अचानक त्याला सांगितलं जातं, की हा आकार या बाजूला तोंड केलं तर तीन आणि त्या बाजूला केलं तर सहा. सहा-सात वर्षांपर्यंत मुलं अक्षरं आणि अंक उलटे काढतात त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. त्यानंतरही तेच राहिलं तर जाणत्या माणसाला दाखवावं. पण तोवर त्या उलट्या तीनवर फुली मारताना, हे मूल निष्काळजी आहे असं मनात आणू नये एवढंच मला वाटतं.

वहीतलं चुकणं दिसतं तरी. पोटातलं दुखणं दिसत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू होते त्या पहिल्या आठवड्यात सकाळी शाळेच्या फाटकाशी उभं राहून पाहावं. नव्या दप्तरांचा रेक्झिनचा वास, रेनकोटांची फडफड, आणि त्यातून एकेक हंबरडा. कुणी आईच्या ओढणीचं टोक दोन्ही मुठींत धरलेलं, कुणी रिक्षाच्या दांडीला मिठी मारलेली. बरीच मुलं आठ-पंधरा दिवसांत रुळतात. काही मात्र रडत नाहीत, ती रोज सकाळी म्हणतात, "पोट दुखतंय." घरचे म्हणतात, नाटकं. रविवारी बरं नाही दुखत! पण रविवारी दुखत नाही हेच तर ते मूल सांगत असतं. भीती आणि पोट यांचं नातं आपण परीक्षेच्या सकाळी, मुलाखतीच्या रांगेत अनुभवलेलं असतं. लहान मुलाला 'मला भीती वाटते' हे वाक्य जुळवता येत नाही, त्याला पोट दाखवता येतं. डॉक्टरांना दाखवून दुखणं काही नाही ना याची खात्री करून घ्यावी हे खरंच. पण त्यानंतर, शाळेत काय आहे, हे शोधावं लागतं. अंधारं स्वच्छतागृह असतं. डब्याला हसणारा मुलगा असतो. शू लागली हे कुठल्या भाषेत सांगायचं ते माहीत नसणं असतं. हे शेवटचं मी माझ्या एका मैत्रिणीच्या नातवात पाहिलं. घरी अखंड बडबडणारा मुलगा, शाळेत दिवसभर पाणी प्यायचा नाही, म्हणजे विचारायची वेळच येऊ नये. सगळ्यांनी महिनाभर त्याला भित्रा ठरवलं होतं.

आमच्या भागात एक बालवाडी होती, आता ती बंद झाली. तिथल्या ताई जूनमध्ये प्रत्येक आईला सांगायच्या, तुमचा एक वापरलेला रुमाल मुलाच्या खिशात ठेवा. धुतलेला नको, वापरलेला. दुपारी मुलं सतरंजीवर आडवी झाली की काहींच्या नाकाशी तो रुमाल असायचा. आईच्या पावडरचा, घामाचा, लोकलच्या गर्दीचा वास. जुलै संपता संपता रुमाल आपोआप दप्तराच्या तळाशी जायचे. ताईंनी कुणाला "आता मोठा झालास, दे तो रुमाल" असं कधी म्हटलं नाही.

झोपेचंही तसंच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. आपल्याकडे बाबा रात्री साडेनऊला घरी येणार, जेवणं व्हायला अकरा, आणि सकाळी साडेसहाला शाळेची व्हॅन. झोपेतल्या मुलाला उभं करून गणवेश चढवणाऱ्या आया, तोंडात घास तसाच धरून पेंगणारी पोरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांच्या इमारतींचा प्रश्न, बसगाड्यांचा प्रश्न, नोकरीला जाणाऱ्या आईबापांचा प्रश्न पुढे आला. तेही प्रश्न खरे आहेत. पण वर्गात मूल पेंगतं तेव्हा त्याच्या नावापुढे 'आळशी' लिहिण्याआधी हे सगळं आठवावं.

या विषयावर विचार करायला लागले की माझं मन कोसबाडला जातं. डहाणूकडे चिकूच्या वाड्यांमधून रस्ता टेकडीवर चढतो, तिथे. ताराबाई मोडक दादरचं शिशुविहार मागे ठेवून १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं, माँटेसरीची पद्धत त्यांना तळहातासारखी ठाऊक. पण बोर्डीच्या आणि पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर बालवाडी काढली तर मुलं येईनात. आजची भाषा वापरायची तर 'पालकांमध्ये जागृती नाही' असा अहवाल लिहून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी मुलं का येत नाहीत ते पाहिलं. मोठी पोरं गुरं राखायला गेलेली, त्यांच्या धाकट्या बहिणी कडेवर तान्हं घेऊन उभ्या, आईबाप मजुरीला. मग बालवाडीच पाड्यावर गेली, एखाद्या झोपडीच्या अंगणात भरू लागली. अंगणवाडी हा जो शब्द आज गावोगावच्या पाटीवर आहे, त्यातलं अंगण ते. गुराख्यांसाठी शाळा चरायच्या रानात गेली, तिला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. कडेवरच्या बाळांसाठी पाळणाघर झालं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, म्हणजे ताईला बाळ दिसत राहील आणि तीही शिकेल. त्याला नाव दिलं विकासवाडी. महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आले. मुलं काय जाणतात ते आधी बघायचं आणि तिथून पुढे जायचं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे अंगणवाड्या चालवणारी सरकारी योजना, सुरू झाली तेव्हा ताराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, त्याच कामात राहिल्या. मला या दोघींचं जे मोठेपण वाटतं ते पुरस्कारांमुळे नाही. 'मुलं येत नाहीत' हे वाक्य त्यांनी मुलांची तक्रार म्हणून ऐकलं नाही, ते कोडं म्हणून सोडवलं, यामुळे वाटतं. एका तान्ह्या भावंडाने बहिणीची शाळा अडवलेली असते हे दिसायला पाड्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

तर अर्णवकडे येते. ऑगस्टमध्ये त्याच्या शाळेत पालकसभा होती. आईला रजा मिळेना, वडील रात्रपाळीला, म्हणून मला विचारलं, "काकू, जाल का? नुसती सही करून या." मी गेले. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर घेऊन आम्ही सगळे बसलो होतो. फळ्यावर सुविचार, भिंतीला तक्ते, पंख्याचा खर्रखर्र आवाज. वर्गशिक्षिका पंचविशी-तिशीची मुलगी. वर्गात बेचाळीस मुलं, आणि टेबलावर वह्यांचे दोन मनोरे. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं शिक्षणहक्क कायदा म्हणतो, आणि इथे बेचाळीस वह्या ती मुलगी रोज तपासत होती. मधल्या सुट्टीत, मस्टर भरता भरता, एका हाताने डबा खात. 'लक्ष देत नाही' हे तीन शब्द कुठल्या घाईत लिहिले गेले असतील ते मला तिथे बसल्यावर कळलं. त्या शेऱ्याचा राग घेऊन गेले होते, तो तिथेच उतरला.

माझी पाळी आली तेव्हा मी तक्रार केली नाही. अर्णव काय म्हणाला तेवढं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "आधी दोन ऐकू आले, म्हणाला?" मग मनोऱ्यातून एकेक वही काढून ती पानं उलटायला लागली. चौऱ्याहत्तरच्या जागी ४७. त्रेपन्नच्या जागी ३५. अजून एका वहीत पुन्हा बासष्ट आणि २६. "डी.एड.ला शिकलो होतो हो आम्ही हे," ती म्हणाली, "पण वर्गात एवढं सगळं एकदम अंगावर येतं की फक्त फुली दिसते." मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, माझा मोठा दहावीत आहे, तो फोन नंबर लिहून घेताना अजूनही अडखळतो. एक बाई म्हणाल्या, मी कन्नड, आमच्यात आधी साठ मग दोन, मला मुंबईत आल्यावर भाजीवाल्याचे पैसे कळायला वर्ष लागलं. पाच मिनिटांची सही करायला आलेली माणसं, बोलायलाच लागली. त्या तासाभरात त्या वर्गातल्या मुलांविषयी जेवढं निघालं तेवढं वर्षभराच्या शेऱ्यांत निघालं नसेल. कुणाच्या घरी आजी नुकतीच गेली होती, म्हणून मुलगी वर्गात खिडकीबाहेर बघते. कुणाला फळा नीट दिसत नव्हता आणि तो शेजाऱ्याचं बघून लिहितो म्हणून कॉपी करणारा ठरला होता. वर्गशिक्षिका बाई एका कागदावर भराभर टिपून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यात अर्णव घरून आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घेऊन गेला. दहा काड्यांचा गठ्ठा, उरलेल्या सुट्ट्या. बासष्ट म्हटलं की आधी गठ्ठे उचलायचे, मग सुट्ट्या. कान काहीही म्हणो, हात सहाकडे आधी जातो. घरी आईने दहाच्या नोटा आणि नाणी काढून दिली, आता भाजी आणायला तोच पुढे असतो. महिन्याभरात अंक जागेवर आले.

दिवाळीनंतरच्या सभेला त्या बाईंनी वेगळंच केलं. म्हणाल्या, आज वह्या दाखवणार नाही, अर्धा तास मागे सतरंजीवर बसा आणि मुलांना बघा. मी अर्णवच्या आईबरोबर गेले होते. पहिली दहा मिनिटं मुलं वळून वळून बघत होती, मग विसरली. एक वडील, गॅरेजवाले असावेत, हाताला ग्रीस तसंच, आपल्या मुलीकडे टक लावून होते. तिच्या प्रगतिपत्रकावर 'वर्गात सहभाग कमी' असं होतं. ती खरोखरच एकदाही हात वर करत नव्हती. पण शेजारच्या मुलाची काड्यांची मोळी सुटली तेव्हा तिने त्याच्या न कळत त्या वेचून, मोजून, बांधून परत ठेवल्या. नंतर एकाला पाटी पुसायला आपला रुमाल दिला, एकीच्या कानात उत्तर सांगितलं. वडील बाईंना म्हणाले, "ही घरी पण अशीच आहे, स्पॅनर मी मागायच्या आधी हातात देते." बाईंनी त्या दिवशी पत्रकात ते लिहून घेतलं.

आता पालकांचं म्हणणं आहे की अशी बसायची सभा वर्षातून दोनदा व्हावी, आणि पहिली जूनमध्येच, वह्या सुरू व्हायच्या आत. नोकरीवाल्यांसाठी शनिवारी. शाळेचं म्हणणं, वेळापत्रकात बसत नाही आणि बाकीच्या तुकड्यांनीही मागितलं तर काय करायचं. पालकांनी अर्ज दिला आहे. त्यावर त्या गॅरेजवाल्यांची सही आहे, कन्नड बाईंची आहे, अर्णवच्या आईची आहे. शेजारीण म्हणून माझी चालत असेल तर घ्या, असं म्हणून मीही खाली सही केली आहे. बाकीच्या तुकड्यांनीही मागावं असंच मला वाटतं. बघू, मार्चअखेर कळवतो म्हणालेत.